जमिनीवरचे चार ठिपके : गाडीचा व्हीलबेस कसा मोजावा

(मोटार दुरुस्ती आणि बॉडी बांधणीच्या व्यवसायात नव्याने आलेल्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, आज सकाळी तुमच्यापैकी पाच जोड्यांनी बाहेर उभ्या असलेल्या रिकाम्या ट्रकचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधले अंतर, मोजला आणि फळ्यावर पाच आकडे लिहिले : 4230, 4224, 4209, 4222 आणि 4219 मिलिमीटर. गाडी तीच, टेप तीच, जागाही तीच. तरी सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांत 21 मिलिमीटरचा फरक पडला. उत्पादकाने या चॅसीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, व्हीलबेस 4225 मिलिमीटर दिलेला आहे आणि नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत आरसीवर, तोच छापलेला आहे. तो आकडा मी मुद्दामच आधी सांगितला नव्हता, कारण उत्तर आधी कळले की टेप धरणारा हात नकळत त्या उत्तराकडे ओढला जातो, हे मी स्वतःच्या हातावरून शिकलो आहे. आज मी याच पाच आकड्यांबद्दल बोलणार आहे. त्यातले दोन बरोबर आहेत, तीन चुकलेले आहेत, आणि जे दोन बरोबर आहेत ते एकमेकांशी जुळत नाहीत. या शेवटच्या गोष्टीकडे सर्वांत जास्त लक्ष द्या.

आधी शब्दाबद्दल थोडे. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधल्या अंतराला आपल्या भाषेत रुळलेला जुना शब्द नाही, आणि त्याचे कारण मला बैलगाडीत दिसते. आपल्या बैलगाडीला एकच आख असतो. दोन आखच नाहीत, तर त्यांच्यामधले अंतर मोजण्याची गरज कोणाला पडणार? गाडीवानाचे सगळे लक्ष एका आखावर ओझे तोलण्याकडे असे. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला ओढ बसते. दुसरा आख आला की हा तोल दोन आधारांमध्ये वाटला जातो, आणि तो कसा वाटला जाईल हे त्या दोन आधारांमधले अंतर ठरवते. म्हणून व्हीलबेस हा शब्द कारखान्यातून आला आणि गॅरेजपासून आरटीओच्या खिडकीपर्यंत तोच रुजला. मी तोच वापरणार आहे.

व्याख्या ऐकायला सोपी वाटते, पण तिच्यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. मोटारींच्या मापांच्या संज्ञा ठरविणारे आयएसओ 612 हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते, की गाडीच्या एकाच बाजूच्या, लागोपाठच्या दोन चाकांचे मध्यबिंदू जमिनीवर उतरवावेत, तेथून गाडीच्या लांबीच्या मध्य प्रतलावर (गाडीचे डावे आणि उजवे असे दोन सारखे भाग करणाऱ्या उभ्या पातळीवर) लंब टाकावेत आणि त्या दोन लंबांमधले अंतर घ्यावे. एकाच बाजूच्या, जमिनीवर उतरवलेले, आणि मध्य प्रतलावर लंब, हे तिन्ही शब्दप्रयोग लक्षात ठेवा. शिवाय त्याच मानकात असेही म्हटले आहे, की डाव्या आणि उजव्या बाजूंची मापे वेगळी आली तर दोन्ही लिहावीत, आधी डाव्या बाजूचे. म्हणजे व्हीलबेस हे दोन बाजूंचे माप आहे, हे मानक करणाऱ्यांनी आधीच गृहीत धरले होते. आरसीवर मात्र एकच रकाना असतो, आणि त्या एका रकान्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात एकच आकडा बसलेला असतो.

मोजण्यातली खरी अडचण अशी, की ज्या दोन बिंदूंमधले अंतर घ्यायचे ते दोन्ही बिंदू टेप लावता येईल अशा जागी नसतात. चाकाचा मध्य रिम आणि टायर यांच्या रुंदीच्या आत कुठेतरी असतो आणि त्याच्यासमोर हब, नट, ग्रीसची टोपी अशा वस्तू येतात. दोन चाकांच्या मध्ये डिझेलची टाकी, बॅटरीचा खोका, स्टेपनी, साइड गार्ड हे सगळे टेपच्या वाटेत उभे असते. म्हणून ते बिंदू जमिनीवर आणायचे, आणि त्यासाठी गवंड्याच्या ओळंब्याहून चांगले साधन मला आजवर सापडलेले नाही. लेझरची उपकरणे आता मिळतात आणि ती उत्तमच आहेत, पण ओळंबा कधी खोटे बोलत नाही आणि त्याला बॅटरीही लागत नाही.

कामाची पद्धत अशी आहे. गाडी सपाट फरशीवर आणा. पुष्कळांना वाटते, की फरशी पाणसळीत नसेल तर माप चुकते. एकसारखा हलका उतार असेल तर फारसे काही बिघडत नाही, कारण दोन्ही हबखालचे ठिपके सारखेच सरकतात. 100 ला 1 इतक्या उतारावर सव्वाचार मीटरमागे पडणारा फरक पाव मिलिमीटरही नसतो. बिघाड होतो तो एक चाक खड्ड्यात आणि तीन वर असतील तेव्हा, कारण मग एका बाजूची कमान, म्हणजे पाट्यांची स्प्रिंग, जास्त दबते आणि अ‍ॅक्सल थोडासा फिरतो. चारही टायरांत ठरलेली हवा भरा. स्टिअरिंग सरळ करा आणि गाडी चार-पाच मीटर सरळ पुढे घेऊन अलगद थांबवा, म्हणजे उलट घेताना किंवा वळवताना कमानीत व टायरांत अडकून राहिलेला ताण निघून जातो. थांबल्यावर चाकांना लाकडी ठोकळे लावा, पण करकचून ब्रेक मारून थांबवू नका.

मग ओळंबा. हबच्या तोंडावर बरोबर मध्य शोधा. मागच्या अ‍ॅक्सल शाफ्टच्या टोकाला बहुधा लेथवरचे सेंटरचे बारीक भोक असते. ग्रीस पुसून काढा, ते दिसेल. पुढच्या हबची टोपी गोल असते, तिच्या कडांवरून दोन व्यास काढले की मध्य मिळतो. ओळंब्याचा दोरा या मध्यबिंदूला नुसता टेकेल इतका जवळ धरा, त्याच्यावर रेलू देऊ नका, कारण रेललेला दोरा सरळ लोंबत नाही. वारा असेल तर ओळंब्याचे वजन पाण्याने भरलेल्या तसराळ्यात बुडवून ठेवा, हेलकावे लवकर थांबतात, आणि मग दोन बाजूंनी दोऱ्याच्या रेषेत पाहून तसराळ्याबाहेर खुणा करा. त्या खुणांच्या छेदात ठिपका येतो. वारा नसेल तर ओळंब्याचे टोक जमिनीपासून दोन-तीन मिलिमीटर वर थांबू द्या आणि त्याच्या बरोबर खाली अणकुचीदार खडूने ठिपका द्या. असे चार ठिपके, चारही चाकांचे. त्यानंतर ठोकळे काढा आणि गाडी पुढे घेऊन जा. गाडी निघून गेली की फरशीवर फक्त चार ठिपके उरतात, आणि आता टेपच्या वाटेत काहीही नसते. तुम्हाला लागणारी प्रत्येक लांबी, दोन्ही बाजू, पुढची व मागची रुंदी, दोन्ही कर्ण, मोकळ्या जमिनीवर दोन माणसांना आरामात घेता येते.

आता फळ्याकडे वळू. 4230 हा आकडा ज्या जोडीने दिला त्यांनी डाव्या बाजूला पुढच्या टायरच्या पुढच्या कडेपासून मागच्या टायरच्या पुढच्या कडेपर्यंत मोजले. ही पद्धत चुकीची नाही, अर्धवट आहे. या ट्रकचे पुढचे टायर नवे आहेत आणि मागचे झिजलेले. त्रिज्येत 6 मिलिमीटरचा फरक आहे, आणि तो सरळ मापात मिसळला. त्यांनी त्यानंतर मागच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतही मोजले असते तर त्यांना 4218 मिळाले असते, आणि दोन्हींची सरासरी 4224, म्हणजे अगदी बरोबर. त्रिज्येतला फरक एका मापात वाढतो तेवढाच दुसऱ्यात घटतो, म्हणून सरासरीत तो नाहीसा होतो, मग दोन्ही चाके वेगळ्या आकाराची का असेनात. हब फार बाहेर आलेले असेल आणि ओळंबा लावायला जागा नसेल तर ही युक्ती जरूर वापरा. टायरपेक्षा रिमच्या कडेवर ती अधिक नेमकी उतरते. मात्र दोन्ही वेळा हबच्या उंचीलाच मोजा.

4209 ची गोष्ट वेगळी आहे. ती जोडी मोजत असताना कोणीतरी केबिनमध्ये चढले, आधारासाठी स्टिअरिंगला धरले आणि चाके किंचित डावीकडे वळली. पुढचे चाक किंगपिनभोवती फिरते आणि हबचे तोंड किंगपिनपासून साधारण 250 मिलिमीटर बाहेर असते. चाक साडेतीन अंशांनी वळले तरी हबचे तोंड सुमारे 15 मिलिमीटर मागे जाते. उजव्या बाजूला त्याच वेळी तेवढेच वाढले असते. पुढच्या जोडीने स्टिअरिंग सरळ केले, पण का केले हे त्यांनी आधीच्या जोडीला सांगितले नाही. चाके सरळ आहेत हे डोळ्यांनी ठरवू नका. मागच्या चाकांच्या बाहेरून दोरी ताणून पुढच्या चाकाच्या दोन्ही कडांपासून तिचे अंतर तपासा, आणि दोन्ही बाजूंना सारखे येईपर्यंत स्टिअरिंग हलवा.

4222 वाल्यांनी उजव्या बाजूला हबपासून हबपर्यंत हवेत टेप ताणली. पुढचे हब आणि मागचे हब गाडीच्या मध्यापासून सारख्या अंतरावर नसतात. या ट्रकमध्ये ते सुमारे 150 मिलिमीटरने आतबाहेर आहेत. टेप तिरकी गेली आणि काटकोन त्रिकोणाचा कर्ण मोजला गेला, पाया मोजला गेला नाही. पायथागोरसच्या हिशेबाने सव्वाचार मीटरवर 150 मिलिमीटरचा तिरकेपणा सुमारे 2.7 मिलिमीटर वाढवतो. 4219 मध्ये ते मिळवा, 4222 च्या जवळ येता. तिरकेपणा 50 मिलिमीटर असता तर चूक 0.3 मिलिमीटर इतकीच झाली असती, कारण ही चूक तिरकेपणाच्या वर्गाने वाढते. म्हणून फरशीवरचे ठिपकेही एका रेषेत नसतील तेव्हा माझे गुरू कावेत बुडवलेली दोरी मध्यरेषेवर ताणून तिला टिचकी मारत, फरशीवर लाल रेघ उमटे, आणि गुण्याने चारही ठिपके त्या रेघेवर उतरवून मग माप घेत. व्याख्येत मध्य प्रतलावर लंब असे जे म्हटले आहे ते हेच.

टेपबद्दल दोन गोष्टी, कारण त्यांतल्या एका गोष्टीने मला मोठा धडा दिला आहे. टेपच्या टोकाची हूक थोडी सैल असते. ती तशीच असायला हवी, कारण टेप आत दाबून मोजताना आणि बाहेर ओढून मोजताना हुकेच्या जाडीइतका फरक तिने स्वतः भरून काढायचा असतो. वापरून वापरून ती वाकते. म्हणून आम्ही हुकेवर विश्वास न ठेवता 100 च्या रेघेपासून मोजायचो आणि शेवटी 100 वजा करायचो. कामाला लागून वर्ष झाले नव्हते तेव्हा एका चॅसीवर बॉडी बांधताना मी मापे घेतली, आणि मधल्या चहाच्या सुट्टीनंतर वजाबाकी केली नाही. मागच्या चाकासाठी बॉडीच्या पत्र्यात अर्धगोल कापून तयार झाला तो 100 मिलिमीटर मागे. पत्रा वाया गेला, दोन दिवस वाया गेले, आणि मालकाची गाडी हंगामात दोन दिवस उभी राहिली. त्यानंतर मी दोन्ही वाचने, सुरुवातीचे आणि शेवटचे, कागदावर लिहितो आणि वजाबाकी दुसऱ्या माणसाकडून करवतो. दुसरी गोष्ट तापमानाची. पोलाद तापले की एका अंशाला मीटरमागे साधारण 0.0115 मिलिमीटर वाढते. सावलीत ठेवलेली टेप आणि दुपारच्या उन्हात उभी चॅसी यांच्यात 20 अंशांचा फरक असेल तर या लांबीवर जवळजवळ 1 मिलिमीटर जातो. टेप चॅसीवर अर्धा तास ठेवली, की दोन्ही सारखी वाढतात आणि प्रश्न मिटतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. डाव्या बाजूचे 4224 आणि उजव्या बाजूचे 4219 ही दोन्ही मापे बरोबर आहेत. या ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल उजवीकडे 5 मिलिमीटर पुढे आहे. कोणी म्हणेल, सव्वाचार मीटरमध्ये 5 मिलिमीटर म्हणजे काय मोठे? एकूण लांबीशी तुलना केली तर क्षुल्लक आहे, पण तुलना लांबीशी करायचीच नाही. ती दोन बाजूंमधल्या रुंदीशी करायची, कारण अ‍ॅक्सल किती फिरला हे रुंदीवरून ठरते. रुंदी 2000 मिलिमीटर धरली आणि फरक 10 मिलिमीटरचा असला, तर अ‍ॅक्सल 200 ला 1 इतका फिरलेला असतो. त्याची चाके चॅसीच्या मध्यरेषेपासून एका किलोमीटरमागे 5 मीटर बाजूला जाऊ पाहतात. ड्रायव्हरला स्टिअरिंग सतत थोडे धरून ठेवावे लागते, आणि मागून पाहिले तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चाललेली दिसते. 5 मिलिमीटरला याच्या निम्मे. कमानीच्या पिना आणि बुश झिजलेल्या जुन्या ट्रकमध्ये एवढा फरक मला नवलाचा वाटत नाही. मी तो लिहून ठेवीन, त्या चॅसीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली मर्यादा पाहीन आणि पुढच्या वेळी वाढला का ते तपासीन. 10 च्या पुढे गेला तर मात्र कारण सापडल्याशिवाय गाडी सोडणार नाही.

अशी एक गाडी मला नीट आठवते. मालक सांगत होता, की गाडी डावीकडे ओढते. एका नावाजलेल्या गॅरेजात तीनदा अलाइनमेंट झाले होते, टाय रॉडचे एंड बदलले होते, पुढचे टायर दोनदा अदलाबदल झाले होते. प्रत्येकाने पुढेच पाहिले होते, कारण स्टिअरिंग पुढे असते. आम्ही चार ठिपके घेतले : डावीकडे 4211, उजवीकडे 4225. मागच्या डाव्या कमानीखाली आडवा होऊन दिवा लावला तेव्हा दिसले, की अ‍ॅक्सलच्या बैठकीवर गंजलेल्या कडेच्या शेजारी बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी होती. बैठक जिथे वर्षानुवर्षे झाकलेली होती ती जागा उघडी पडली होती. कमानपाट्यांना एकत्र धरणारा आणि अ‍ॅक्सलला जागेवर बसवणारा सेंटर बोल्ट तुटला होता, यू-बोल्ट ढिले झाले होते, आणि अ‍ॅक्सल एका बाजूने सरकत गेला होता. बोल्ट काही रुपयांचा. यू-बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळले, पुन्हा ठिपके घेतले, दोन्ही बाजूंना 2 मिलिमीटरच्या आत आले. तीन अलाइनमेंटचा खर्च वाचला असता, जर कोणी दोन्ही बाजूंना टेप लावली असती.

दोन्ही बाजू सारख्या आल्या म्हणूनही थांबू नका. कर्ण घ्या. पुढच्या डाव्या ठिपक्यापासून मागच्या उजव्या ठिपक्यापर्यंत आणि उलट. पुढची व मागची रुंदी वेगळी असली तरी गाडी दोन्ही अंगांनी सारखी असेल तर हे दोन कर्ण सारखेच यायला हवेत. मागचा अ‍ॅक्सल सरळ राहून केवळ 10 मिलिमीटर एका बाजूला सरकला असेल, तर बाजूंची मापे काहीच सांगणार नाहीत, पण 1900 मिलिमीटर रुंदीच्या ठिपक्यांत दोन कर्णांमध्ये सुमारे 8 मिलिमीटरचा फरक दिसेल. अपघातात तिरका मार बसून चॅसीची चौकट पतंगासारखी झाली असेल तर तीही येथेच पकडली जाते.

याला एक प्रामाणिक अपवाद सांगायला हवा, कारण तुमच्यापैकी कोणी परदेशी जुन्या गाड्यांवर काम केले तर गोंधळ होईल. फ्रान्सच्या रेनो 4 या मोटारीचा व्हीलबेस कारखान्यातूनच दोन बाजूंना वेगळा येत असे, आणि फरक तब्बल 48 मिलिमीटर होता. मागच्या सस्पेन्शनसाठी आडव्या टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्या, वापरल्या होत्या. त्या गाडीच्या पूर्ण रुंदीच्या होत्या, म्हणून एकीच्या मागे दुसरी ठेवावी लागली, आणि त्यांच्याबरोबर चाकेही मागेपुढे गेली. रेनो 5 आणि रेनो 16 मध्येही हीच रचना होती. तेथे फरक हा दोष नव्हता, आराखडाच होता. चाके मात्र सरळ पुढेच पाहत होती, कारण तेथे मागे अखंड अ‍ॅक्सल नव्हता.

आता हे माप इतके काटेकोर का हवे, ते बॉडी बांधणाऱ्यांसाठी सांगतो. समजा या 4225 च्या चॅसीवर 10 टन माल आहे आणि त्याचे गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या 600 मिलिमीटर पुढे आहे. तरफेच्या साध्या नियमाने पुढच्या अ‍ॅक्सलवर 10,000 गुणिले 600 भागिले 4225, म्हणजे सुमारे 1,420 किलो येतात आणि उरलेले 8,580 मागे. बॉडी बांधताना हौदा 300 मिलिमीटर मागे सरकला, तर पुढे फक्त 710 किलो राहतात आणि मागे 9,290 होतात. माल एक किलोही वाढलेला नाही, आणि मागच्या अ‍ॅक्सलवर 710 किलो वाढले. 2018 मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी अ‍ॅक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली, पण त्या मर्यादेत चॅसीचे आणि बॉडीचे स्वतःचे वजनही येते, हे विसरू नका. शिवाय पुढचे हलके झालेले टोक घाटात चढताना स्टिअरिंगला जमिनीची पकड देत नाही. गाडीवान ज्याला उलाळ म्हणत, तेच हे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 93 यासाठीच मागच्या ओव्हरहँगला, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे गाडी जेवढी बाहेर येते त्या लांबीला, व्हीलबेसशी बांधतो : तो व्हीलबेसच्या 60 टक्क्यांहून जास्त असता कामा नये. अशोक लेलँडच्या वायकिंग चॅसीचा 222 इंची व्हीलबेस घ्या. तो 5639 मिलिमीटर होतो, म्हणजे मागे 3383 मिलिमीटरपर्यंत जाता येते. आपल्या धंद्यात इंच अजून जिवंत आहेत आणि कारखान्याच्या कागदांत मिलिमीटर, तर टाटांच्या ट्रकांच्या मॉडेल क्रमांकात तिरक्या रेघेनंतर येणारे 42 किंवा 48 हे डेसिमीटर. रूपांतर करताना गोल आकडा घेऊ नका. दहाचाकी गाडीत मागे दोन अ‍ॅक्सल असतात, तेव्हा कोठून मोजायचे हा वाद मी अनेक ठिकाणी ऐकला आहे. नियमाने त्याचे उत्तर दिले आहे : तीन अ‍ॅक्सलांच्या आणि फक्त पुढचा अ‍ॅक्सल वळणाऱ्या गाडीत ओव्हरहँग मोजायचा बिंदू म्हणजे मागच्या दोन अ‍ॅक्सलांच्या मध्यापासून 102 मिलिमीटर मागचा. मापांच्या संज्ञेत मात्र लागोपाठच्या चाकांमधली अंतरे वेगवेगळी लिहायची असतात. आणि ठिपके सहा घ्यायचे, कारण मागचे दोन अ‍ॅक्सल एकमेकांना समांतर नसतील तर ते एकमेकांशी झगडत राहतात आणि टायर खरवडले जातात.

वळण्याचा हिशेबही व्हीलबेसवरच उभा आहे. 1817 मध्ये म्युनिकच्या लांकेनस्पर्गर या बग्गी बांधणाऱ्याने पुढची दोन चाके वेगवेगळ्या कोनांत वळविण्याची रचना केली आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये आकरमनने तिचे पेटंट घेतले. आजही आपण तिला आकरमनचेच नाव देतो. वळताना सर्व चाकांच्या अक्षरेषा एकाच बिंदूत, मागच्या अ‍ॅक्सलच्या रेषेवर मिळाव्यात, हे तिचे तत्त्व. स्टिअरिंग आर्मचे कोन त्या ठरावीक व्हीलबेससाठी काढलेले असतात. कोणी चॅसी कापून, तुकडा जोडून लांब केली आणि आर्म तेच ठेवले, तर तो बिंदू मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे पडतो आणि प्रत्येक वळणावर पुढचे टायर घासतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध असे बदल करायला मनाई केली आहे. त्यामागे हेही एक शास्त्रीय कारण आहे. लांबीची किंमत वळणावर मोजावीच लागते. ढोबळ हिशेबाने, चाके सरासरी 35 अंश वळली तर 4225 च्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलची वळणत्रिज्या सुमारे 6.03 मीटर आणि 4830 च्या गाडीची 6.90 मीटर येते. रेल्वेलाही हा नियम चुकला नाही : माथेरानची दोन फुटी रेषा 1907 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या वळणांसाठी ओरेनश्टाइन अँड कॉपेलची अशी इंजिने आणली होती, ज्यांचे टोकाचे अ‍ॅक्सल वळणावर थोडे फिरू शकत.

मोटारींबद्दल थोडक्यात. मारुती 800 ची लांबी 3335 आणि व्हीलबेस 2175 मिलिमीटर. अ‍ॅम्बॅसडरची लांबी 4325 आणि व्हीलबेस 2464. पहिलीत लांबीच्या 65 टक्के, दुसरीत 57. इंजिन आडवे बसवून चाके कोपऱ्यांत ढकलली, की लहान गाडीत माणसांना जागा मिळते, ती अशी. मोटारसायकलमध्ये तर व्हीलबेस तुम्ही स्वतः बदलत असता : चेन ताणली की मागचे चाक मागे जाते. म्हणून तिथे माप घेताना चेनचा अ‍ॅडजस्टर कोणत्या खुणेवर आहे ते लिहा आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का पाहा.

शेवटी नोंदवहीविषयी. आमच्या कार्यशाळेत प्रत्येक गाडीसाठी एक ओळ असे : तारीख, गाडी रिकामी की भरलेली, टायरांतली हवा, डावी बाजू, उजवी बाजू, दोन कर्ण, आणि मोजणाऱ्या दोघांच्या सह्या. रिकामी की भरलेली हे लिहायचे, कारण ओझ्याने मागची कमान सपाट झाली की पुढच्या टोकाला पक्की असल्यामुळे ती अ‍ॅक्सलला किंचित मागे नेते, आणि रिकाम्या गाडीचे माप भरलेल्या गाडीच्या मापाशी लावले तर नसलेला दोष दिसू लागतो. आरसीवरचा आकडा या ओळीत सर्वांत शेवटी, वेगळ्या शाईने, चारही मापे लिहून झाल्यावरच उतरवायचा. आता बाहेर चला. ट्रक पुढे घेतलेला आहे, ठिपके फरशीवर आहेत, आणि कर्ण अजून कोणीच मोजलेले नाहीत.